बारावीनंतर फॅशन डिझाइन: कॉलेजात चार वर्षं घालवायची की मास्टरच्या हाताखाली कात्री धरायची?

शेवंती, कुडचडे
लेक यंदा बारावी झाली, आर्ट्समधून. तिला फॅशन डिझाइनच करायचंय आणि ती हटून बसली आहे. घरात तिघांची तीन मतं. तिचे बाबा म्हणतात, बीकॉम कर आणि संध्याकाळी शिवणक्लासला जा. माझा भाऊ म्हणतो, निफ्ट, म्हणजे फॅशनची ती सरकारी संस्था, मिळत नसेल तर हा नादच सोड. तिला मात्र गोव्यातलंच एक खासगी आर्ट-डिझाइन कॉलेज हवंय, कारण तिथल्या वार्षिक शोचे व्हिडिओ तिने पाहिलेत. पणजीत आल्तिनोच्या आपल्या सरकारी कला महाविद्यालयात पेंटिंग आणि अप्लाइड आर्ट आहे, फॅशन नाही, म्हणजे कमी फीची ती वाट बंद. खासगी कॉलेजची फी लाखांत जाते. एवढे पैसे घालून मुलीच्या हाती नेमकं काय येतं, हे या धंद्यातल्या माणसांनी सांगावं. शोचे फोटो मी पाहिलेत, ते नकोत.

बोबीन, म्हापसा
ताई, आमचं शिवणाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. डिझाइन शिकलेली मुलं कामाला येतात तेव्हा फाइल बघत राहावी अशी असते. पण कागदावरची बाई नऊ डोक्यांएवढी उंच काढायला शिकवतात, आणि दुकानात माप द्यायला येते ती साडेसात डोक्यांची. तिचा एक खांदा उतरलेला असतो, पाठीला थोडा बाक असतो. मुंढ्यात बाही बसवायला दिली की मुलगी माझ्याकडे बघते आणि मी तिच्याकडे. उरेब, म्हणजे तिरक्या कापडाची पट्टी काढताना अर्धा मीटर वाया. हे चार वर्षं शिकून! आयटीआयचा ड्रेस मेकिंगचा ट्रेड एका वर्षाचा आहे, फी नाममात्र. तो करून दोन वर्षं चांगल्या मास्टरजवळ बसली तर तिच्या हातात कला येईल. लाखांचं कर्ज कशाला?

निळी, पणजी
बोबीनभाऊ, ज्या मुलींना बाही बसवता येत नाही त्यांच्या कॉलेजने शिवणाला तास दिले नाहीत, एवढंच त्यातून सिद्ध होतं. मी डिझाइनची पदवी घेतली, बाहेरच्या राज्यात. पहिलं वर्ष फाउंडेशनचं. तेव्हा कापडाला हातही लागला नाही, मलाही राग यायचा. दुसऱ्या वर्षापासून मांजरपाट डमीवर, म्हणजे माणसाच्या मापाच्या पुतळ्यावर, टाचण्यांनी लावून आकार काढायचा, तोच आकार उतरवून कागदावर पॅटर्न करायचा, शिवायचा, चुकला की उसवायचा. सोबत टेक्स्टाइल सायन्स: धाग्याला पीळ किती, विणीत ताण कुठे, सुती कापड धुतल्यावर किती आटेल, रंग घामाने सुटेल का. मग कॉस्टिंग.

आता मास्टरचं बघा. समोर उभ्या बाईला तो असा ब्लाउज बसवतो की मला जन्मात जमणार नाही, मान्य. पण तोच ब्लाउज स्मॉलपासून डबल एक्सएलपर्यंत पाच मापांत, दूरच्या कारखान्यात, तुम्ही तिथे नसताना, प्रत्येक नग सारखा निघावा यासाठी जो कागद लिहावा लागतो त्याला टेक पॅक म्हणतात. टीप सेंटीमीटरला किती टाक्यांची, अस्तर कुठपर्यंत, बटण कोणत्या धाग्याने, सगळं त्यात. ते दुकानात शिकायला मिळत नाही, कारण दुकानाला त्याची गरजच पडत नाही.

बोबीन, म्हापसा
मापं वाढवणं-घटवणं आता कॉम्प्युटर करतो म्हणतात. मग तुमच्या त्या पदवीत उरलं काय?

निळी, पणजी
कॉम्प्युटरला कुठे किती वाढवायचं हे माणूसच सांगतो. माप मोठं झालं म्हणून गळाही त्याच हिशेबाने रुंद केला तर खांदे घसरतात. तुम्ही हे बोटांनी करता, आम्ही आकड्यांत लिहितो.

मामाच्या बाजूने, फोंडा
ताईंच्या भावाचं म्हणणं कुणीतरी मांडायला हवं, कारण ते उडवून लावण्यासारखं नाही. निफ्ट 1986 मध्ये दिल्लीत सुरू झालं आणि 2006 च्या कायद्याने त्याला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळाला. गोव्यात केंद्र नाही, पण खारघरला आहे. कोकणकन्या एक्स्प्रेसने पनवेलला उतरलं की जवळच. प्रवेशपरीक्षेत चित्रकला आणि सामान्य क्षमता असे पेपर, आणि पुढे सिच्युएशन टेस्ट. त्यात हाताशी दिलेल्या साहित्यातून वेळेत काहीतरी उभं करून दाखवायचं. बी.डेस., म्हणजे डिझाइनच्या पदवीला कोणत्याही शाखेची बारावी चालते. बी.एफ.टेक. म्हणजे उत्पादनाची बाजू हवी असेल तर मात्र गणित लागतं, आर्ट्सवाल्यांनी हे आधीच बघावं. एक वर्ष तयारीला दिलं तर काही बिघडत नाही. आणि ते नाव लागलं की मुलाखतीला दार उघडतं. हे कुणाला आवडो न आवडो, असंच आहे.

डिचोलीकर
फी स्वस्त आहे का तिथे? सरकारी म्हटलं की लोकांना आल्तिनोची फी आठवते. निफ्टचीही फी लाखांतच जाते, वर खारघरचं भाडं आणि जेवण.

माझा प्रश्न वेगळा आहे. शिकली, मग गोव्यात करणार काय? आपल्याकडे तमिळनाडूतल्या तिरुपूरसारखे कपड्यांचे कारखाने नाहीत. लग्नं म्हणाल तर किनाऱ्यावरच्या हॉटेलांत लग्नाला येणारी मंडळी लेहंगे दिल्ली-मुंबईहून शिवूनच आणतात. इथल्या माणसाच्या वाट्याला काय, तर आदल्या रात्री ब्लाउज ढिला करणं आणि घेर वर घेणं. हडफड्याच्या शनिवारच्या बाजारात स्टॉल लावणाऱ्यांना विचारा, पाऊस लागला की काय करतात. ऑक्टोबर ते मार्च धंदा आणि मग नुसतं आभाळाकडे बघणं. चार वर्षं शिकून शेवटी बेंगळुरू गाठायचं असेल तर "गोव्यातलं कॉलेज, मुलगी जवळ राहील" या बोलण्याला अर्थ नाही.

कच्ची टीप, पेडणे
डिचोलीकर, तुम्हाला फक्त किनारा दिसतो. शिगम्याच्या मिरवणुकीत रोमटामेळांना, म्हणजे ढोल-ताशे घेऊन नाचणाऱ्या पथकांना, आणि चित्ररथांना कपडे कोण शिवतं? कार्निव्हलला? गावोगावी जत्रेला नाटक असतं, कला अकादमीच्या स्पर्धा असतात, तियात्र, म्हणजे कोंकणी नाटक, तर वर्षभर चालतं. आमच्या पेडण्यात दशावताराचे भरजरी अंगरखे पिढ्यान्‌पिढ्या डागडुजी करून वापरतात. एका प्रवेशात राजा, दुसऱ्यात राक्षस, मध्ये कपडे बदलायला मिनिटंच मिळतात. दिव्याखाली कोणता रंग मरतो, घामात कोणतं अस्तर चिकटतं, झटकन सुटेल अशी गाठ कुठे घ्यायची, हे डिझाइनच आहे ना? आणि कॉस्च्युम हा विषय नाटकवाल्या गोव्यातल्या किती कॉलेजांत नीट शिकवतात?

कुणबी साडीचंही तसंच. तांबड्या चौकड्यांची जाड सुती साडी, शेतात चिखल लागू नये म्हणून आखूड नेसलेली, खांद्यावर गाठ. शहरातल्या मुली आता ती हौसेने नेसतात ती कोलवाळचे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांच्यामुळे. त्यांनी ती पुन्हा विणून घेतली आणि रॅम्पवर नेली. 2014 मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना. गावात राहून झालं हे सगळं.

बोबीन, म्हापसा
मग माझंच म्हणणं खरं ठरतं. वेंडेल केटरिंग शिकलेले. ओमानमध्ये नोकरी करत होते. बारावीनंतर चार वर्षं फॅशनच्या कॉलेजात नव्हते.

निळी, पणजी
अर्धंच सांगताय. ती नोकरी सोडून ते फॅशन शिकायला गेले, लॉस एंजेलिसला आणि पॅरिसला, आणि मग 1989 च्या सुमारास कामाला लागले. कमावल्यानंतर शिकले, पण शिकले. शिक्षण नको असतं तर माणूस तेवढ्या लांब कशाला गेला असता?

डिचोलीकर
आणि दरवर्षी इतकी मुलं बाहेर पडतात, त्यात वेंडेल किती निघाले? अपवाद दाखवून लोकांना कर्ज काढायला लावू नका. दशावताराची मंडळं तर पैसे देतील तेवढेच.

शेवंती, कुडचडे
सगळ्यांना धन्यवाद, लेक पण वाचते आहे. एक शंका राहिली. कॉलेजच्या माहितीपत्रकात एका पानावर "डिग्री" लिहिलंय, दुसऱ्या पानावर "प्रोफेशनल डिप्लोमा". फोन केला तर म्हणतात, दोन्ही एकच समजा.

निळी, पणजी
एकच मुळीच नाही. पदवी विद्यापीठ देतं किंवा कायद्याने तसा अधिकार मिळालेली संस्था देते. खासगी कॉलेज स्वतःच्या नावाने देऊ शकत नाही. कोणत्या विद्यापीठाची, हे लेखी मागा आणि ते विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का ते बघा. विद्यापीठ दुसऱ्या राज्यातलं निघालं तर ते गोव्यात हा कोर्स चालवू शकतं का, हेही विचारा. पुढे एम.डेस. करायचं किंवा कुठे शिकवायचं झालं तर सगळं यावर अडतं. डिप्लोमाही वाईट नसतो, फक्त पदवीच्या भावाने विकला जाऊ नये. कर्ज काढायचंच तर गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी योजना आहे. तुमचं कॉलेज आणि कोर्स त्यात बसतो का, हे आधी महामंडळात जाऊन विचारा. कॉलेजचा माणूस हो म्हणाला एवढ्यावर थांबू नका.

भेटायला जाल तेव्हा शोचा हॉल दाखवतील. तुम्ही शिवणाची लॅब बघा. सुट्टी नसलेल्या दिवशी दुपारी जा. मशीनं किती, त्यातली चालू किती, साधी घरगुती आहेत की कारखान्यातली, कापडाच्या कडा शिवणारं ओव्हरलॉक मशीन आहे का, डमी मुलामागे की वर्गामागे. शिकवणाऱ्यांपैकी पॅटर्न कापणारं कोण आहे हे नावानिशी विचारा. शेवटच्या वर्षाच्या मुलीला एकटीला गाठून विचारा की शोचे कपडे तू स्वतः शिवलेस की बाहेरच्या मास्टरकडून शिवून घेतलेस. बऱ्याच ठिकाणी मास्टरच शिवतो, हे उघड गुपित आहे.

बोबीन, म्हापसा
आमच्याकडेच येतात ते कपडे, शोच्या आदल्या आठवड्यात. दुप्पट दर लावतो.

मामाच्या बाजूने, फोंडा
तरी तुम्ही कॉलेजांच्या विरोधात बोलता. गिऱ्हाईक आहेत हो तुमची.

बोबीन, म्हापसा
गिऱ्हाईक आहेत म्हणूनच आतलं माहीत आहे. ताई, प्रवेश सुरू व्हायला अजून वेळ असेल तर मुलीला तोवर दुकानात पाठवा. लांब पडतं, पण म्हापशात कुणी नातेवाईक असतील तर बघा. आधी उसवणं आणि काज-बटण, मग मशीन. पंधरा दिवसांत तिचं तिलाच कळेल की हे आवडतं की फक्त व्हिडिओ आवडतात. त्यानंतर कॉलेजात गेली तर मी काही म्हणणार नाही.

शेवंती, कुडचडे
माझी बहीण आहे म्हापशाला. लेक म्हणते, जाईन, पण तिला कटिंग बघायचंय, नुसतं उसवत बसणार नाही.

बोबीन, म्हापसा
कटिंगच्या टेबलाशेजारी बसूनच उसवायचं असतं.

डिचोलीकर
सीझनमध्ये दुप्पट दर घेणाऱ्या मास्टरला उसवायला फुकट माणूस मिळाला. ताई, पोरीला दिवसाचे किती देणार ते आधी विचारून घ्या.

निळी, पणजी
हे मात्र डिचोलीकर बरोबर बोलले. मोठमोठे डिझायनरसुद्धा इंटर्नला चहावर राबवतात. बोबीनभाऊ, आकडा सांगा.

बोबीन, म्हापसा
बसचं तिकीट आणि दुपारचं जेवण. काज नीट करायला लागली की नगावर.