कोकणकन्येतून उतरल्यावर पुढे काय? (अनुभव धागा)

गोव्यातली माणसे मुंबईला जातात ती बहुतेक टाटात (परळचे कॅन्सर हॉस्पिटल), विमानतळावर, नाहीतर पोरांच्या कॉलेज प्रवेशाला. मडगाव-थिवीला गाडीत बसेपर्यंत सगळे ठीक असते, घोळ होतो तो मुंबईत उतरल्यावर. कुठे उतरायचे, कोणती लोकल धरायची, काय चुकते, एवढेच लिहा. रामायण नको.

फोंडेकर
टाटासाठी सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरला उतरा. कोकणकन्या वेळेवर असेल तर पहाटे पाच-साडेपाचला दादर येते, म्हणजे आठ ते अकराच्या गर्दीच्या खूप आधी. तिथून सीएसएमटीकडची स्लो लोकल धरा, पुढचेच स्टेशन परळ. फास्ट गाड्या बहुतेक परळला थांबत नाहीत, थेट भायखळ्याला नेऊन सोडतात. म्हणून इंडिकेटरवर 'एस' (म्हणजे स्लो) दिसले तरच चढायचे. एक्स्प्रेसचे दादरपर्यंतचे तिकीट लोकलला चालत नाही. वेगळे ५ रुपयांचे काढा, नाहीतर दंड भरा.

परळला पूर्वेकडे बाहेर पडा. पश्चिमेच्या पुलावर चढलात तर प्रभादेवीला जाल. टाटा तिथून चालत साधारण पंधरा मिनिटे. रुग्णाला जिने झेपत नसतील तर लोकलच्या नादी लागू नका, दादर पूर्वेहून टॅक्सी करा. टाटाच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव आहे, हे सर्जन मूळचे गोव्याचे. टॅक्सीवाल्याला मात्र 'केईएमजवळचे टाटा' सांगा.

डिचोलीची ताई
फोंडेकर बाब, दोन गोष्टी राहिल्या. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीचे पूर्ण भाडे माफ असते, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातला दाखला हॉस्पिटलकडून सही-शिक्क्यासह आणावा लागतो, नुसती फाईल दाखवून भागत नाही. दुसरे, लोकलच्या दिव्यांग डब्यात कॅन्सरच्या रुग्णाला बसता येते. कागद वरच्या खिशात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

कुडचडेकर
मत्स्यगंधा, नेत्रावती या गाड्या एलटीटीला (लोकमान्य टिळक टर्मिनस) जातात. एलटीटी म्हणजे कुर्ला स्टेशन नव्हे. बाहेर रिक्षावाल्यांच्या घोळक्यात सापडण्यापेक्षा टिळकनगर स्टेशन विचारत चालत जा. ते हार्बर लाईनवर आहे. एक स्टेशन पुढे कुर्ला, तिथे मेन लाईन मिळते.

पेडणेकर
वाशी, नेरूळ, बेलापूरला जाणाऱ्यांनी पनवेललाच उतरावे. हार्बरची लोकल तिथूनच सुटते, बसायला जागा मिळते. फक्त गाडी कुठली ते बघा. वडाळ्याला फाटा आहे: एक गाडी सीएसएमटीला, दुसरी वांद्रे-गोरेगावकडे. पाटी न वाचता बसलेला माणूस माहीमला पोचल्यावर जागा होतो. ठाण्यासाठी पनवेलहून वेगळी ट्रान्सहार्बर आहे.

म्हापशेकर
विमानतळासाठी आता सीएसएमटीलाच जावे असे माझे मत. 'मेट्रो ३' ही लाईन ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेड ते आरे पूर्ण धावते आणि सीएसएमटीला तिचे स्टेशन आहे. पहिली गाडी सहाच्या सुमारास, म्हणजे कोकणकन्येला जुळते. भाडे १० ते ७० रुपये. टी१ आणि टी२ ही दोन वेगळी स्टेशने आहेत, विमानाच्या तिकिटावर टर्मिनल आधी पाहा. अंधेरीला जायचे असेल तर मरोळ नाक्याला उतरून मेट्रो १ धरा.

रिक्षा-टॅक्सीचे: आपल्याकडे भाडे ठरवून बसायची सवय, तिथे मीटर टाकायला सांगायचे. २०२५ च्या दरवाढीनंतर काळी-पिवळी टॅक्सी किमान ३१, रिक्षा २६ रुपये. रिक्षा शीव-माहीमच्या दक्षिणेला येत नाही, त्यामुळे दादर-परळला रिक्षा शोधत बसू नका.

काणकोणची माय
गर्दीत उतरायचे तंत्र कुणी लिहिले नाही. ठाण्याहून फास्टने दादरला येत असाल तर कुर्ला सुटले की उठा. पुढच्याला एवढेच विचारा, "दादर?" तो 'हो' म्हणाला तर त्याच्या मागे उभे राहा, 'नाही' म्हणाला तर त्याच्या पुढे सरका. पाठीवरची सॅक पोटावर घ्या, नाहीतर तुम्ही फलाटावर आणि पट्टा अजून डब्यात. फलाट कुठल्या बाजूला येतो तेही विचारून ठेवा. दादरच्या फलाटांचे नंबर डिसेंबर २०२३ ला बदलले: पश्चिम रेल्वे १ ते ७, मध्य ८ ते १४. नातेवाइकांनी जुना नंबर सांगितला असेल तर विसरा.

मोठे बोचके असेल तर मालडबा बरा. सुक्या सुंगटांच्या (कोळंबीच्या) पिशवीला तिथे कुणी नाक मुरडत नाही.

पेडणेकर
रविवारचा मेगाब्लॉक राहिला. स्लो गाड्या फास्ट मार्गावर वळवतात, मग मधली काही स्टेशने गाळली जातात. परळचे आदल्या दिवशी तपासा.

फोंडेकर
परतीचे: कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री ११:०५ ला. संध्याकाळी पाच ते नऊ ठाण्याच्या दिशेची लोकल सामान घेऊन धरणे म्हणजे शुद्ध वेडेपणा. गाडी दादर-ठाण्याहून न धरता सीएसएमटीला जाऊन बसा, तिकडे जाणाऱ्या लोकल त्या वेळी मोकळ्या असतात. मांडवी एक्स्प्रेस तिथूनच सकाळी ७:१० ला. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते, मडगावहून सुटायची वेळही. तेव्हा वेळ तिकिटावरची बघा, पाठ असलेली नको.