मदत केंद्रात पॅरालीगल: काय सोपवावं, काय नाही?

प्रश्न
आमच्या कायदेशीर मदत केंद्रात घरभाडं, थकलेला पगार, पोटगी अशी प्रकरणं येतात. वकील आठवड्यातून एकच दिवस असतात. दोन पॅरालीगल, म्हणजे वकील नसलेले पण कायद्याच्या कामात मदत करणारे, नेमायचे आहेत. त्यांच्याकडे काय द्यावं आणि काय अजिबात देऊ नये?

प्रतिसाद १
पहिली भेट त्यांच्याकडेच द्या. पण हकिगत ऐकण्याआधी समोरच्या पक्षाचं नाव विचारून नोंदवहीत शोधा. तोच घरमालक आधी तुमच्याकडे सल्ल्याला येऊन गेलेला असेल आणि हे सगळं ऐकून झाल्यावर कळलं, तर दोघांचंही काम सोडायची वेळ येऊ शकते.

मग मुदत. नोटिशीवरची तारीख आणि ती हातात पडल्याची तारीख वेगवेगळी लिहा. मुदत कुठून मोजायची ते वकील ठरवतील. लोक पाकीट फेकून देतात आणि नोटीस कधी मिळाली याचा पुरावाच जातो, म्हणून पाकीटही फाइलला लावा. मुदत आठवड्याच्या आत संपत असेल तर वकिलांना त्याच दिवशी फोन करा.

प्रतिसाद २
खर्च खरा वाचतो तो कागद लावण्यात. चार रकान्यांचा तक्ता पुरतो: तारीख, काय घडलं, पुरावा, पान क्रमांक. पगाराच्या प्रकरणात नेमणूकपत्र, बँक स्टेटमेंट, हजेरीची नोंद. मूळ कागद पक्षकाराकडेच राहू द्या, केंद्रात फक्त झेरॉक्स. व्हॉट्सॲपचे सुटे स्क्रीनशॉट नकोत, मधलं संभाषण गाळलं असा आक्षेप हमखास येतो. अख्खं चॅट एक्स्पोर्ट करा आणि फोनमधलं काहीही पुसू देऊ नका.

प्रतिसाद ३
‘तडजोड स्वीकारू का?’ याचं उत्तर पॅरालीगलनं देऊ नये. फॉर्मचा रकाना समजावणं त्याचं काम, त्यात मागणी काय लिहायची हे ठरवणं वकिलाचं. लोक काकुळतीला येऊन विचारतात, तिथेच पाय घसरतो. कोर्टात उभं राहण्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत: कॅनडातल्या ऑन्टॅरिओत परवानाधारक पॅरालीगल लहान रकमेच्या दाव्यांत स्वतः बाजू मांडतात, अनेक ठिकाणी मात्र तो गुन्हा ठरतो. तुमच्याकडचा नियम आधी लेखी काढा.

प्रतिसाद ४
एकाच मालकाविरुद्ध बरेच कामगार आले तर प्रक्रिया गटाला एकत्र समजावा. मलावीत पॅरालीगल तुरुंगात जाऊन कच्च्या कैद्यांना जामीन कसा मागायचा हे असंच गटानं शिकवतात. प्रत्येकाची हकिगत मात्र बंद खोलीत, स्वतंत्रपणे लिहून घ्या. आणि वकिलांनी वाचल्याची सही नसेल तर एकही मसुदा बाहेर जाऊ देऊ नका.