टॅब वाटून भागलं असतं?

"प्रत्येकाला टॅब आणि रेंज मिळाली असती तर लॉकडाउनमधली ऑनलाइन शाळा यशस्वी झाली असती" हे मत मला पटत नाही. नववी-दहावीचं ठीक आहे, पण पहिली-दुसरीचं काय? माझा भाचा तेव्हा पहिलीत होता. रात्री वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जायचा, बाईंचा अंगठा यायचा. पोरगं 'अ' खालून वर काढतंय, हे फोटोत कुठून दिसणार? (अर्धं पान आईनेच गिरवलेलं असायचं, ते वेगळंच.) 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के. आधीचाही आकडा मिरवण्यासारखा नव्हताच म्हणा.