सरसकट फेरतपासणी कोणाच्या जिवावर?

विदर्भकन्या: काल इथे एकाने लिहिलं, "दिव्यांग सर्टिफिकेटवाले अर्धे बोगस, पूजा खेडकरवर बोगस सर्टिफिकेटचा आरोप झाला, त्या प्रकरणानंतर तरी सगळ्यांना परत मेडिकल बोर्डापुढे उभं करा." डोकंच फिरलं. माझ्या भावाला सिकलसेल आहे, रक्ताचा आजार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे ७ चे २१ प्रकार केले त्यात सिकलसेल आला, पण तपासणी त्या एका दिवसापुरती, त्या दिवशी क्रायसिस, म्हणजे वेदनेचा झटका, नसला की पोरगा चालत आत जातो अन् डॉक्टर म्हणतात धडधाकट आहे. दिव्यांगत्वाचे टक्के ४० च्या खाली लिहिले की सवलती संपल्या. रात्रभर हाडं ठणकतात तेव्हा मोजायला कोण येतं?

रोखठोक: ते मीच लिहिलं. आमच्या ऑफिसात एक जण कानाच्या सर्टिफिकेटवर लागला, अन् फोनवर कुजबुजत बोलतो. खऱ्या कर्णबधिर मुलाची जागा गेली ना? जो खरा आहे त्याला कसली भीती?

गिट्टीखदान: काऊन नाही भीती? माही माय दोन्ही डोळ्यांनी अंध, सर्टिफिकेट कायमचं, तरी दरवर्षी हयातीचा दाखला द्या, उत्पन्नाचा द्या. संजय गांधी निराधार योजनेची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार! महिन्याचे चार हजार शंभर-दीडशे झाले, घरात एक मजूर असला तरी बाद. याच्यावर बोला ना कोणी.

रोखठोक: २०२५ मध्ये दिव्यांगांचे महिन्याचे १५०० चे २५०० केले ना.

गिट्टीखदान: २५०० मध्ये तुमी महिना काढून दाखवा! किराणा, औषध, ऑटो. अन् वेळेवर जमा होते का? बच्चू कडू महिन्याला ६ हजार मागत होते ते काय उगाच?

विदर्भकन्या: पैशाचं पटतं दादा, पण ज्याला टक्केच मिळाले नाहीत तो मर्यादेपर्यंत पोचतच नाही.

ओपीडीवाला: मी बोर्डावर बसलोय. कानासाठी बेरा टेस्ट आहे, आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते मशीन मोजतं, नाटक करणारा त्यात सापडतो. वेदनेला मशीन नाही. ॲडमिशनचे, रक्त चढवल्याचे कागद बघावे लागतात, आणि बाहेर रांग असताना ती फाइल नीट उघडली जात नाही, हे मान्य. पण बोगसवाल्यांसाठी त्याच २०१६ च्या कायद्यात कलम ९१ आहे, २ वर्षांपर्यंत कैद. नाव माहीत आहे तर तक्रार करा, सगळ्यांना कशाला ओढता?

रोखठोक: ठीक, कायमचं सर्टिफिकेट असलेल्या म्हाताऱ्यांना सोडा. नोकरीवाल्यांची तपासणी मात्र झालीच पाहिजे, तिथून मी हटणार नाही.

गिट्टीखदान: करा ना, कोण अडवते! आमच्या मायले त्याच्यात कोंबू नका.

विदर्भकन्या: डॉक्टर, भावाचे टक्के कमी लावलेत त्याचं काय करू?

ओपीडीवाला: कलम ५९ खाली अपील होतं. जुन्या डिस्चार्ज कार्डांच्या झेरॉक्स जोडा, एकही सोडू नका.