गॉड ऑफ वॉर: स्क्वेअर दाबला तर पोरगं बाण सोडालंय

वडगावकर: जुन्या प्लेस्टेशनवर, पीएस२ वर, गॉड ऑफ वॉर गेममध्ये कंट्रोलरची स्क्वेअर-स्क्वेअर-ट्रँगल बटणं बडवत मोठा झालोय मी, परवा २०१८ चा भाग लावला तर मारायचं बटणच बदललंय, स्क्वेअर दाबला तर हिरो क्रेटोसचं पोरगं बाण सोडालंय, एक्सवर उडी पण नाही. असं का केलं असतील रे?

खानापूरचा: आधी कॅमेरा फिक्स, उजव्या स्टिकनं नुसतं चुकवायचं. आता कॅमेरा क्रेटोसच्या खांद्यामागं, तो फिरवायला अंगठा कायम स्टिकवर पाहिजे, मग मारामारी बोटांवर, कंट्रोलरच्या वरच्या कडेला उजवीकडं आर१ हलका मार आर२ जोरात. डावीकडचं एल२ धरून आर१ नं कुऱ्हाड फेक आणि ट्रँगल दाब, हातात परत येताना कंट्रोलर असा थरथरतोय की बस्स!

निपाणीवाला: माझ्या सेकंडहँड कंट्रोलरचा आर१ च अडकालाय, मी काय करू 😭

वडगावकर: रात्री दोनपर्यंत कुऱ्हाडच फेकत बसलो मर्दा, आई ओरडली. पण उडी पाहिजे होती राव.