हॉररचा दुसरा भाग रक्तानं भिजतो, पण भीती पहिल्याचीच का राहते?

जागली (यवतमाळ जिल्हा)

सध्या रात्री वावरात जागलीला असतो. हरभरा वर आला की रानडुकरं आणि रोही (नीलगाई) एका रात्रीत धुऱ्यापर्यंत साफ करतात. मचाणीवर फोन, एक कान मात्र वावराकडं. सोमवारी 'द टेक्सस चेन सॉ मॅसकर' (1974) पाहिला आणि मंगळवारी त्याचाच 1986 चा दुसरा भाग. दोन्हींचा दिग्दर्शक एकच, टोबी हूपर. म्हणजे हात बदलला म्हणून बिघडलं असं म्हणायची सोय नाही.

पहिल्यात पोरीला खाटकाच्या आकड्यावर टांगतात. तो प्रसंग मी मागं नेऊन तीनदा पाहिला. आकडा शिरताना कुठंच दिसत नाही! पोरीचा चेहरा, तिच्या पायाखाली ठेवलेलं घमेलं आणि समोर सुरू झालेली करवत, एवढंच आहे. हूपरला सौम्य प्रमाणपत्राची आशा होती म्हणून त्यानं रक्त आवरतं घेतलं होतं. तरी पहिल्यांदा पाहताना मला आकडा शिरलेला 'दिसला' होता. कोणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं.

दुसऱ्या भागात मेकअपवाल्या टॉम सव्हिनीनं केलेली सगळी कापाकापी समोर आहे. मी मध्येच उठून डबा खाल्ला. माझं म्हणणं एवढंच की दाखवलं की आपलं डोकं काम थांबवतं. रक्त वाढवलं तिथं भीती गेली.

रीळवाला (मूर्तिजापूर)

भाऊ, रक्ताला आरोपी करू नका. हूपरनं दुसरा भाग मुद्दाम काळ्या विनोदाकडं नेला होता. पहिल्यातला विनोद लोकांच्या लक्षात आला नाही असं त्याला वाटत होतं. त्याला तुम्हाला हसवायचंही होतं, आणि तुम्ही घाबरलो नाही म्हणून त्याला नापास करताय.

आणि ज्या सव्हिनीचं नाव घेतलं त्याचंच दुसरं काम पाहा. जॉर्ज रोमेरोचा पहिला चित्रपट 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (1968) कृष्णधवल, आटोपशीर. त्याच मालिकेतला पुढचा 'डॉन ऑफ द डेड' (1978) रंगीत आणि कितीतरी जास्त रक्ताचा, मेकअप सव्हिनीचाच. मी तो पहिल्याच्या वर ठेवतो. मेलेली माणसं सवयीनं बाजारसंकुलात परत येऊन फिरत बसतात, ही कल्पना पहिल्यात कुठं होती? 'एव्हिल डेड'चा 1987 चा दुसरा भागही तसाच, रक्ताचे नुसते लोट आणि तरी पहिल्यापेक्षा सरस.

फोकसवाला (वडसा)

मी झाडीपट्टीच्या नाटकांत लाइट करतो जी. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज रात्री नवीन गाव. एका नाटकात सुनेचा खून होता. पहिल्या प्रयोगाला लाल रंगाची पिशवी फोडली, पातळ भिजलं. पुढं बसलेल्या बाया मोठ्यानं म्हणाल्या, "रंग व्हय वो." संपलं सगळं. पुढच्या गावात मी ऐन वेळी दिवे मालवले. अंधारात फक्त काकणं फुटल्याचा आवाज केला आणि दहा मोजेपर्यंत दिवा लावला नाही. मागच्या रांगेतलं पोरगं रडायला लागलं, त्याच्या मायनं त्याचे कान झाकले. डोळे नाही, कान. तेव्हापासून आमच्या पार्टीत ती पिशवी आणलीच नाही. मी जागलीभाऊच्या बाजूनं.

मोहफूल (ब्रह्मपुरी तालुका)

तुम्ही दोघं 'न दिसणारं जास्त भेववतं' म्हणता. आमच्या भागात वाघ आहे. माकडं खेकसली, चितळ ओरडलं की पावलं जागीच थांबतात. ती भीती मला माहीत आहे. पण दोन वर्षांमागं गावातला एक जण सरपणाला गेला तो संध्याकाळी परतला नाही. शोधायला गेलेल्यांत मी होतो. आधी विळा सापडला, मग एक चप्पल. पुढचं लिहीत नाही. माकडांच्या ओरडण्याची भीती घरी आलं की उतरते. पाहिलेलं उतरत नाही. त्यामुळं दाखवलं की भीती संपते, हे मला मान्य नाही.

जागली

मोहफूलभाऊ, तुमचं वाचून थोडा वेळ फोन खाली ठेवला. दाखवलं की भीती गेली, हे माझं वाक्य चुकलं. मागं घेतो.

पण तो माणूस तुमच्या गावचा होता. त्याची चप्पल तुम्ही ओळखली. दुसऱ्या-तिसऱ्या भागांत जी माणसं मरतात त्यांची चप्पल मला ओळखू येत नाही. नाव कळायच्या आत मुंडकं उडतं. रीळवालेभाऊंच्या 'डॉन'मध्ये मुख्य माणसं चारच आहेत ना? त्यांच्यासोबत सगळा चित्रपट काढायचा, म्हणून तिथलं रक्त अंगावर येत असावं.

आणखी एक. 'हॅलोविन' (1978) मध्ये जवळजवळ रक्त नाही. मायकल मायर्स हा खुनी लॉरी नावाच्या पोरीच्या मागं का लागलाय ते कोणी सांगत नाही. चेहऱ्यावर पांढरा रंगवलेला मुखवटा, बस. 1981 च्या दुसऱ्या भागात पहिल्याचा दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यानं नंतर रक्ताचे जास्तीचे प्रसंग घुसडले, आणि वर कळतं की लॉरी त्याची बहीण! मला रक्तापेक्षा ती बहीण जास्त खटकली. कारण सापडलं की मी सुटलो. माझ्या घरात तर तसा भाऊ नाही. पहिल्या भागात तो कोणाच्याही कुंपणाशी उभा राहू शकत होता, माझ्या धुऱ्यावरही.

रीळवाला

आता बोललात! मग भांडण रक्ताशी नाही, खुलाशाशी आहे. तिथं मी अर्धा तुमच्यासोबत. अर्धाच, कारण खुलासा न देता तोच खेळ पुन्हा खेळला तर लोक त्याला नक्कल म्हणतात. दुसरा भाग करणाऱ्याला काहीतरी वाढवावंच लागतं, आणि रक्त हे सगळ्यात स्वस्त. रोमेरोनं त्यासोबत जागा आणि काळही बदलला, म्हणून तो तरला. 'डॉन' पाहा, अख्खा पाहा, डबा आधी खाऊन घ्या.

फोकसवाला

आणि हेडफोन लावू नका जी. वावराचा आवाज येऊ द्या.

जागली

आज लाइन रात्री बाराला येणार, ओलीत आहे. उद्या पाहतो आणि इथंच लिहितो.