मायक्रोकर्नल सुरू होतानाच अडकतो, शोध कुठून घ्यावा? (सांगली)

कृष्णाकाठ, सांगली
नमस्कार मंडळी. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून आम्ही चौघं एक्स८६-६४ साठी छोटा मायक्रोकर्नल (अगदी मोजकं काम स्वतःकडे ठेवणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहितोय. क्यूईएमयू या एम्युलेटरवर ‘पेजिंग चालू’, ‘आयडीटी लोड’ हे दोन्ही संदेश दिसतात (आयडीटी म्हणजे इंटरप्टच्या हँडलरांचा तक्ता). त्यानंतर एसटीआय (इंटरप्ट चालू करणारी सूचना) चालवलं की सगळं गप्प. ‘डी इंट’ (इंटरप्टची नोंद ठेवणारा पर्याय) लावून लॉग घेतला, त्यात एकदाच व्ही=०८ ई=०००० (व्हेक्टर ८, डबल फॉल्टचा नंबर; ई म्हणजे एरर कोड) येतं आणि मग व्ही=०डी ई=०२०० (व्हेक्टर १३, जनरल प्रोटेक्शन) ची ओळ अखंड सुरू राहते. डबल फॉल्ट (एक फॉल्ट हाताळताना आलेला दुसरा) का होतोय ते चार दिवस शोधतोय. स्टॅक १६ केबीचा केला, फरक नाही. ८ आणि १३ चे हँडलर सध्या नुसते एरर कोड काढून परत फिरतात. काय तपासावं?

अजिंक्यतारा, सातारा
स्टॅकला हात लावू नका, तो डबल फॉल्ट नाहीच. लॉगमध्ये व्ही=०८ च्या आधीची ओळ बघा, तिथे ‘सर्व्हिसिंग हार्डवेअर आयएनटी’ असं असणार. तो टायमर आहे. पीआयसी (इंटरप्ट प्रोसेसरकडे पोचवणारी चिप) रीमॅप केला नसेल तर आयआरक्यू ०, म्हणजे टायमरची लाइन, थेट ८ नंबरच्या व्हेक्टरवर येतो, आणि तोच डबल फॉल्टचा नंबर. पीआयटी, म्हणजे टायमरची चिप, बायोसने सोडलेल्या वेगाने सेकंदाला साधारण १८.२ टिक देतो, म्हणून एसटीआयनंतर ५५ मिलिसेकंदांच्या आत हे घडतं.

आता ०२०० कुठून आलं ते बघा, कारण पुरावा तिथेच आहे. हार्डवेअर इंटरप्टमध्ये प्रोसेसर एरर कोड ढकलत नाही. तुमचा ८ चा हँडलर मात्र तो आहे असं धरून आरएसपी (स्टॅक पॉइंटर) ८ ने पुढे नेतो. त्यामुळे आयरेटक्यूला (इंटरप्टमधून परतण्याची सूचना) सगळं एक घर सरकलेलं मिळतं: सीएसची (कोड सेगमेंटचा सिलेक्टर) किंमत आरआयपीमध्ये (पुढच्या सूचनेचा पत्ता) जाते आणि आरफ्लॅग्जची किंमत, म्हणजे हेक्स २०२, सीएस म्हणून वाचली जाते. असला सिलेक्टर तुमच्या जीडीटीत (सेगमेंटच्या तक्त्यात) नाही, म्हणून जनरल प्रोटेक्शन. एरर कोडमध्ये सिलेक्टरचे खालचे दोन बिट गळतात आणि २०२ चं २०० होतं. १३ चा हँडलर परत त्याच आयरेटक्यूवर आणून सोडतो, म्हणून चक्र थांबत नाही.

उपाय: दोन्ही पीआयसी हेक्स २० आणि २८ वर रीमॅप करा, सुरुवातीला टायमर सोडून सगळ्या लाइन मास्क करा. हँडलरच्या शेवटी पोर्ट हेक्स २० वर हेक्स २० लिहायला विसरू नका. ते राहिलं तर एकच टिक येते आणि पुन्हा शांतता. आणि कृपा करून फॉल्टचे हँडलर परत फिरवू नका. आरआयपी, एरर कोड, सीआर२ (पेज फॉल्ट झालेला पत्ता) छापा आणि तिथेच सीएलआय, एचएलटी, म्हणजे इंटरप्ट बंद करून प्रोसेसर थांबवा. डबल फॉल्टला टीएसएसमधून आयएसटीचा वेगळा स्टॅक द्या, नाहीतर खरोखर स्टॅक संपेल तेव्हा थेट ट्रिपल फॉल्ट होऊन मशीन रीसेट होईल आणि काही कळणार नाही.

मिरज जंक्शन
ताईंनी सांगितलंय त्यात भर: क्यूईएमयूला ‘नो-रिबूट’ आणि ‘नो-शटडाउन’ दोन्ही द्या, म्हणजे ट्रिपल फॉल्टनंतरही मॉनिटरवर रजिस्टर वाचता येतात. केव्हीएम (खऱ्या प्रोसेसरवर थेट चालवणं) चालू असेल तर ‘डी इंट’ कामाचं नाही, टीसीजीच (सॉफ्टवेअरने एम्युलेशन) ठेवा. जीडीबी डीबगर १२३४ पोर्टवर जोडताय ना? पेजिंग चालू होण्याआधी वरच्या पत्त्यावर साधा ब्रेकपॉइंट बसत नाही, हार्डवेअर ब्रेकपॉइंट लावा. कर्नल ‘एमनो-रेड-झोन’ने कंपाइल केलाय का तेही बघा. नाहीतर इंटरप्ट आला की स्टॅकखालचे १२८ बाइट तुडवले जातात, आणि ती चूक कधी दिसते कधी नाही.

कृष्णाकाठ, सांगली
ताई, रीमॅप केल्यावर टिक नीट येतेय, आभार! आता पुढची अडचण. पहिला युजर टास्क म्हणजे आमचा पेजर, फॉल्ट झालेलं पान मॅप करून देणारा प्रोग्रॅम. तो सुरू होतो, व्ही=०ई (व्हेक्टर १४, पेज फॉल्ट) ई=०००६, सीआर२=४०३०१० एवढं एकदा येतं आणि मग मशीन नुसतं बसून राहतं. क्रॅश नाही, रीसेट नाही.

अजिंक्यतारा, सातारा
मॉनिटरवर ‘इन्फो रजिस्टर्स’ द्या. एचएलटी=१ दिसलं तर कर्नल ठीक आहे, सगळे थ्रेड कुणाची तरी वाट बघत झोपलेत आणि आयडल चालू आहे. मायक्रोकर्नलमध्ये सुरुवातीचं अडकणं बहुतेक वेळा असंच असतं. जीडीबीतून थ्रेड टेबल छापा: नाव, अवस्था, कुणाच्या आयपीसीची (टास्कमधल्या संदेशाची) वाट. माझा अंदाज, पेजर स्वतःचीच वाट बघतोय.

ई=६ म्हणजे युजर मोड, लिहिण्याचा प्रयत्न, पान मॅपच नाही. तुमचा कर्नल पेज फॉल्टचा संदेश पेजरला पाठवतो, आणि इथे फॉल्ट करणारा पेजरच आहे. पान मॅप का नाही ते रीडएल्फने (एक्झिक्युटेबल फाइलची रचना दाखवणारं साधन) बघा, डेटा सेगमेंटच्या फाइलसाइझ आणि मेमसाइझ या दोन रकान्यांत.

कृष्णाकाठ, सांगली
सेगमेंट ४००००० पासून. फाइलसाइझ हेक्स २३४०, मेमसाइझ हेक्स ६०००.

अजिंक्यतारा, सातारा
मग मिळालं की. तुमचा लोडर फाइलसाइझ बघून तीनच पानं मॅप करतो, ४०२एफएफएफ पर्यंत. मेमसाइझप्रमाणे सहा हवीत. पुढची सगळी बीएसएस (फाइलमध्ये नसलेला, शून्याने सुरू होणारा डेटा), आणि ४०३०१० तिच्यातच पडतो. सहाही पानं मॅप करा आणि २३४० पासून ६००० पर्यंत शून्य भरा. एसईएलफोर या मायक्रोकर्नलमध्येही रूट टास्कची पानं बूटच्या वेळी कर्नलच मॅप करून देतो. शिवाय कर्नलमध्ये एक तपासणी घाला: फॉल्ट करणारा आणि त्याचा पेजर एकच असेल तर आयपीसी न पाठवता पॅनिक. या एका इफमुळे असलं मूक अडकणं लगेच ओरडून सांगेल.

मिरज जंक्शन
खऱ्या मशीनवर नेण्याआधी कर्नलची स्वतःची बीएसएसही शून्य होते का ते पाहा. क्यूईएमयूची रॅम कोरी असते, खऱ्या मशीनची नसते. यूईएफआयवर बी८००० चा टेक्स्ट पडदा गृहीत धरू नका, सगळे संदेश सीरियलवर, पोर्ट हेक्स ३एफ८. मदरबोर्डचा कॉम पोर्ट आरएस-२३२ व्होल्टेजचा असतो, त्याला ३.३ व्होल्टची टीटीएल केबल थेट जोडलीत तर केबल जळेल. आरएस-२३२ वाली यूएसबी केबल आणि नल मोडेम लागेल. माझ्याकडे दोन्ही आहेत, रविवारी विश्रामबागेत येणार असाल तर घेऊन जा.